क्लोरिसच्या पिवळ्या खिडक्या

वाटेत तुम्हाला हिरव्या पट्ट्याची एक पांढरी बोट दिसली का हो? — नाही ना. तशा पुष्कळ असतात, मला माहीत आहे, समुद्र म्हणजे काही गल्ली नव्हे. पण बार्बाडोसला थांबला होतात म्हणालात म्हणून विचारलं. सुकाणूवर एक म्हातारा असेल, पांढऱ्या मिशा, दात मात्र अगदी नवेकोरे. — बरं, राहू दे. मी प्रत्येकालाच विचारते, वाईट वाटून घेऊ नका. आणि ती पिशवी तिथे नका ठेवू, ती पडद्यांची बाजू आहे. शिडं डावीकडे, पडदे उजवीकडे. मध्ये मी ही खडूची रेघ मारली आहे ना, ती यंदापासून. आधी रेघ नव्हती.

बघू तरी काय झालंय. — अगंबाई, हे तर वरपासून खालपर्यंत गेलंय. अर्ध्या समुद्रात? रात्री? तुम्हा लोकांचं नेहमी रात्रीच फाटतं. होईल, दुरुस्त होईल, काळजी करू नका, पण तीन राजांच्या सणानंतर, सहा जानेवारी उलटल्यावर. — त्याआधी नाही. — तुम्हाला नाताळच्या आधी निघायचंय ते ऐकलं मी. पण आत्ता या हाताखालून साऱ्या बेक्वे बेटाचे पडदे जातायत, आणि पडदे थांबत नाहीत. शीड थांबतं. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, आमच्याकडे नाताळला नवे पडदे लागतात. घराला रंग एखाद्या वर्षी चुकेल, हॅमऐवजी कोंबडी चालवून घेतील, पण जुन्या पडद्यांत नाताळ म्हणजे पारोशा अंगाने चर्चमध्ये जाण्यासारखं. आणि ते पडदे आधी कुणी बघायचे नाहीत. चादरीत गुंडाळून घरी न्यायचे, खिडक्यांची दारं बंद करून आतून चढवायचे, आणि आदल्या दिवशी दिवेलागणीला सगळ्यांनी आपापल्या खिडक्या उघडायच्या. मग लोक हिंडतात, बघतात, नावं ठेवतात. एकदा चढलेला पडदा तीन राजांच्या सणापर्यंत उतरवायचा नाही. माझी आई म्हणायची, नाताळात पडदा उतरवला की घरातलं माणूस बाहेरची वाट धरतं. असते एकेकीची समजूत.

बसा ना. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. आज पहाटे झोप मोडली असेल तुमची. — ढोल? हो, आमच्या नऊ सकाळी सुरू झाल्यात. नाताळच्या आधीचे नऊ दिवस आम्ही अंधार असतानाच उठतो, धक्क्यावर जमतो, गातो, पोहतो, भाजलेला नीरफणस खातो, आणि मग दिवसभर कामावर पेंगतो. का म्हणजे काय, करतात सगळे. — कोण, तो लाल उंच माणूस? सगळ्यांत जोरात बडवतो तो? हो, त्याला ताल नाही, आम्हालाही माहीत आहे. पण त्याला थांबवायचं कुणी? त्याचं नाव टोर्बेन. तोच तर — थांबा, क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही बाई चुकार आहे म्हणून शीड वेळेवर देत नाही.

गेल्या वर्षी तुमच्यासारखाच तो समुद्र ओलांडून आला. एकटा. सालं निघालेलं नाक, आणि खांद्यावर हे एवढं शीड, तेही असंच फाटलेलं. माझा नवरा बर्ट्रम त्याला धक्क्यावरून इथे घेऊन आला. त्या माणसाने शीड खाली टाकलं आणि पहिलं काय विचारलं असेल? पाणी कुठे मिळेल, नाही. दुकान कुठे आहे, नाही. म्हणाला, बाई, या बेटावर नाताळ नसलेली जागा कुठे आहे? मला वाटलं उन्हाने डोकं फिरलंय. पण नाही, बर्ट्रमने नंतर सांगितलं, त्याच्या देशात त्याच्या बहिणी, मेहुणे, घरभर मेणबत्त्या, सगळ्यांनी हात धरून झाडाभोवती फिरायचं — त्याला ते लहानपणापासून सहन होत नाही. म्हणून तो नाताळ चुकवायला बोट घेऊन निघाला. अख्खा समुद्र ओलांडला. आणि आला कुठे, तर आमच्याकडे, जिथे नाताळ नऊ दिवस आधी आणि अंधारात सुरू होतो. बिचाऱ्याने बंदराच्या त्या टोकाला नांगर हलवला, तर त्या वर्षी पोरांनी वाजंत्री होडीत बसवून पाण्यावर फिरवली होती. कानात कापूस घालून तो डोंगरावर गेला, तिथे शाळेच्या मास्तरीणबाई मुलांकडून देवदूतांचं नाटक बसवून घेत होत्या. शेवटी म्हणे शांतता असेल म्हणून चर्चमध्ये शिरला. आता चर्चमध्ये काय चाललेलं असणार डिसेंबरात, तुम्हीच सांगा.

तेव्हा त्याने ठरवलं, नाताळच्या सकाळी, सगळे चर्चमध्ये असताना, कुणी येऊन शुभेच्छा देण्याच्या आत, नांगर उचलायचा आणि निघायचं. त्यासाठी त्याला शीड हवं होतं. हे त्याने मला सांगितलं नाही हं. बर्ट्रमनेही नाही. मला कसं कळलं म्हणाल, तर दातांवरून.

बर्ट्रम जन्मभर मालवाहू जहाजांवर होता. आमच्या बेटावरचे निम्मे पुरुष तसेच. लग्नानंतर आमचे किती नाताळ एकत्र झाले ते मी मोजत नाही, मोजण्यासारखे नाहीतच. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा घरी आला. कायमचा हा शब्द त्याचाच. मागच्या अंगणात बसायचा, कोंबड्यांशी बोलायचा, मी शिवताना दोरा ओवून द्यायचा — सुखाचं चाललं होतं आमचं. मग हा टोर्बेन आला आणि बर्ट्रम रोज त्याच्या बोटीवर. का, तर नांगराची साखळी बघायला. दुसऱ्या दिवशी काय, साखळीच. साखळीत इतकं बघायला काय असतं हो? तुम्हाला माहीत असेल, मला नाही. आणि एके दिवशी तो फेरीबोटीने शेजारच्या मोठ्या बेटावर गेला, आणि संध्याकाळी आला तो तोंडात नवे दात घेऊन. वरचे आणि खालचे, दोन्ही. मी म्हटलं, हे काय? म्हणाला, हॅम खायला. गेल्या नाताळला चावता आलं नाही म्हणून.

आता आमच्याकडे जुन्या खलाशांत म्हणतात, आधी दात, मग समुद्र. कारण मधल्या पाण्यात दाढ दुखली तर कुणाकडे जाणार? प्रत्येक मोठ्या सफरीआधी बर्ट्रम दात दाखवून यायचा. मी ते बघत आले आहे. तेव्हा हॅम खायला म्हणाला आणि मी मान हलवली. — विचारलं? नाही, विचारलं नाही. काय विचारायचं? जाणाऱ्या माणसाला जातोस का विचारलं की तो थोडा आधीच जातो.

तर शीड. ते होतं पिवळं. साधं पिवळं नाही, पिकलेल्या आंब्याचं, आणि कापड असं हलकं की मी शिंकले तर ते उठून बसायचं. ते डावीकडे होतं. आणि उजवीकडे होतं क्लोरिसचं पडद्याचं कापड. ती क्लोरिस, डोंगराच्या उतारावर राहते ती, बंदरातून जिचं घर पहिलं दिसतं. तुम्हालाही आत शिरताना दिसलं असेल, आठ खिडक्या समोर. नवरा गेला तिचा, पण खिडक्या आहेत. लहानपणी आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हापासून ती मला सांगते आणि मी करते. तिने मोठ्या बेटावरून सोनेरी कापड मागवलं होतं, आणि ते फेरीबोटीवर खारवलेल्या माशांच्या पेटीखाली आलं. मी ते धुतलं. लिंबाने धुतलं, आल्याने धुतलं, तीन दिवस वाऱ्यावर ठेवलं. तरी या दारासमोर सबंध बंदराची मांजरं येऊन बसायची, नुसती बसायची, प्रार्थनेला बसल्यासारखी. क्लोरिस आली, तिने वास घेतला, मांजरांकडे पाहिलं आणि म्हणाली, इयांथी, माझ्या घरात नाताळला पाहुणे येणार आहेत की हे? मी म्हटलं, दुसरं कापड आता कुठून येणार? ती म्हणाली, ते मला माहीत नाही, मला पिवळं हवं, आणि माझ्या खिडक्या उघड्या राहिल्या तर मी पाद्रीबाबांना सांगेन की तुझ्यामुळे. आणि गेली.

मग चूक झाली. कामाच्या गडबडीत होतं असं. शीड डावीकडून उजवीकडे कसं आलं — मीच आणलं असेल, केर काढताना. आणि पिवळं ते पिवळं, कात्री लागली. एकदा कात्री लागली की कापड ते कापड. — हो, त्याला पितळी कड्या होत्या. त्या मी काढून ठेवल्या. — हो, कडेला दोरी शिवलेली होती, तीही उसवली, त्यात एक सबंध दुपार गेली. — आकडे? आकडे होते, मोठे काळे, चार-एक-सात. त्यांच्यावर मी चुण्या घातल्या. तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे, गडबड म्हणजे किती गडबड असते ते तुम्हाला नाही कळायचं.

बर्ट्रम रोज विचारायचा, शीड झालं का? मी म्हणायची, होतंय. खोटं नव्हतं ते, होतच होतं. मात्र त्या शिडाचं त्याला विशेष नव्हतं, बोटीवर साधी शिडं होतीच. तो म्हणायचा, ही फुग्यासारखी शिडं घाई असणाऱ्यांना लागतात, आमचे आजोबा साध्या शिडावर देवमाशामागे जायचे. हे तो माझ्यासमोरच म्हणाला होता, याच स्टुलावर बसून. मी ऐकलं होतं. पण ऐकणं आणि डोक्यात जाणं यात फरक असतो.

नाताळच्या आदल्या दिवशी क्लोरिसने चादरीतलं गाठोडं नेलं, आणि दिवेलागणीला खिडक्या उघडल्या. काय सांगू तुम्हाला. साधा पडदा कसा, लोंबतो. हे लोंबेनात. समुद्रावरून वारा आला आणि आठच्या आठ फुगून खिडक्यांबाहेर आले, मागून दिव्यांचा उजेड, आणि सबंध घर जणू आता निघालंच. खाली रस्त्यावर माणसं थांबली. कुणीतरी ओरडलं, मिस क्लोरिस, नांगर टाकलाय ना? दुसरा म्हणाला, चर्चला घरासकटच येणार वाटतं. क्लोरिसला वाटलं कौतुक चाललंय, आणि खरंच चाललं होतं. ती पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, हे इयांथीने केलंय, असं कापड मोठ्या बेटावरसुद्धा मिळत नाही.

आणि वाऱ्याने चुण्या उघडल्या. तिसऱ्या खिडकीत, हे एवढे, चार-एक-सात. मी खाली उभी होते, गर्दीत मागे सरकले. पण लोकांना वाटलं भजनाचा क्रमांक. क्लोरिसने मुद्दाम घालून घेतला असेल, ती करेल असं. गाणारी मंडळी दारोदार फिरत तिथवर आलीच होती, त्यांनी आपली पुस्तकं उघडली, चारशे सतरा काढलं, आणि निघाली ती समुद्रावर गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना. ती आम्ही माणूस हरवल्यावर म्हणतो. आता सुरू केली ती थांबवणार कशी? सगळी कडवी म्हटली त्यांनी. अर्धे लोक रडले, कुणासाठी ते कुणाला माहीत नव्हतं. मी वळून पाहिलं तर मागे बर्ट्रम टोपी हातात घेऊन उभा, आणि त्याच्या शेजारी टोर्बेन, गुडघ्यापर्यंत भिजलेला. बंदरातून त्याने आपलं शीड डोंगरावर फुगलेलं पाहिलं होतं.

तो पुढे गेला. वर बोट दाखवलं. म्हणाला, ते माझं आहे.

क्लोरिस म्हणाली, काय तुझं आहे?

तो म्हणाला, घर. म्हणजे घर नाही. खिडक्या.

ती म्हणाली, माझ्या खिडक्या तुझ्या? आत ये आधी. नाताळला दारात उभं राहून कुणी भांडत नाही.

आणि तो आत गेला हो. काय करणार, आत पडदे होते. लोक खिडक्यांतून डोकावत होते. क्लोरिसने त्याला आधी अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत दिलं, तिच्या सरबतात रम जास्त असते, मग हॅम, मग काळा केक. पडदा उतरवायचं नावच नको, तीन राजांच्या सणाच्या आधी नाही, हे तिने त्याला प्रत्येक तुकड्याबरोबर सांगितलं. तो खात होता आणि वर बघत होता. मग उठला, एका पडद्याची कड धरली, थोडी सैल सोडली. दुसऱ्याची थोडी ओढून खिळ्याला बांधली. आठही खिडक्या फिरला. फडफड थांबली, सगळे पडदे एकसारखे फुगले, आणि खोलीत कसं शांत झालं. तो हळूच म्हणाला, समुद्रावर याने कधी इतका छान वारा धरला नव्हता. क्लोरिस नुसती बघत राहिली. तिचा नवरा गेल्यापासून त्या खिडक्यांना कुणी हात लावला नव्हता.

मी मागच्या अंगणात गेले. मला जरा बसायचं होतं. बर्ट्रम मागोमाग आला.

म्हणाला, "इयांथी, शिवताना तुला कळलं नाही का?"

मी म्हटलं, "काय?"

"की ते शीड आहे."

"मला वाटलं पडद्याचं कापड आहे."

"त्यावर आकडे होते."

"आकड्यांवर मी चुण्या घातल्या."

तो हसला. नवे दात त्याला अजून नीट बसले नव्हते, हसताना टकटक वाजले. मग म्हणाला, "तू एकदा विचारायचं होतंस मला."

"विचारलं असतं तर?"

"तर मी खोटं बोललो असतो. पण विचारायचं होतंस." टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मग म्हणाला, "सगळी दुनिया फिरलो मी, इयांथी, पण कुठलंही जहाज मला जायचं होतं तिथे कधी गेलं नाही. एकदासुद्धा."

मी म्हटलं, "तुला कुठे जायचं होतं?"

म्हणाला, "तेच कधी ठरवायला मिळालं नाही."

मी म्हटलं, चल, हॅम गार होतंय. तो आला, बसला, खाल्लं. छान चावत होता, मी बघत होते, मनात म्हटलं, म्हणजे खरंच हॅमसाठीच होते. तेवढ्यात टोर्बेनने पाचवा की सहावा पेला संपवला आणि जाहीर केलं, मी आता त्या बोटीत पाय ठेवणार नाही, ज्याला हवी त्याने न्यावी. सगळे हसले. क्लोरिस तर डोळे पुसेपर्यंत हसली. बर्ट्रम हसला नाही, पण मला वाटलं तोंडात घास आहे म्हणून. आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. टोर्बेन जात नाही, म्हणजे कुणीच जात नाही. माझं शीड — म्हणजे माझी चूक, ती कामाला आली. घरी येताना मी बर्ट्रमचा हात धरला होता, रस्त्यात, सगळ्यांसमोर. दारात आल्यावर लक्षात आलं की साऱ्या बेटाचे पडदे शिवण्याच्या नादात आपल्या खिडक्यांना जुनेच राहिले. मी खिडकीपाशी गेले, ते काढून निदान झटकावेत म्हणून दोन उतरवलेही. बर्ट्रम म्हणाला, राहू दे, उद्या लाव. मग मी गाढ झोपले. कित्येक वर्षांत झोपले नव्हते तशी.

— झालं, एवढंच. म्हणून शीड तीन राजांच्या सणानंतर, आणि रेघेच्या त्या बाजूला. तुम्हाला करमत नसेल तर पहाटे धक्क्यावर या, टोर्बेन तुम्हाला ढोल देईल, त्याला कुणीतरी दुसरं वाजवायला हवंच आहे. उठा आता, मला पाद्रीबाबांचे पडदे संपवायचेत. — बर्ट्रमचं काय, म्हणजे? सांगितलं ना सगळं. — बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोर्बेन क्लोरिसच्या खिडकीत उभा राहून पडदे सैल करत होता आणि त्याची ती हिरव्या पट्ट्याची बोट बंदरात नव्हती. माझ्या स्वयंपाकघरातलं हॅम मधोमध कापलेलं होतं. मी तुरीच्या आमटीत हाड घालते म्हणून हाडाची बाजू बर्ट्रमने माझ्यासाठी ठेवली होती.